लॅबमध्ये सिद्ध झालंय, म्हणून शिरेतून घ्यायचं?

लग्नसराई तोंडावर आली आणि आपल्या सांगली-मिरजेत ‘ग्लो ड्रिप’च्या जाहिराती परत सुरू झाल्या. ब्रायडल पॅकेजमध्ये मेंदी, फेशियल आणि जोडीला ग्लुटाथायोनची सलाईन. अमुक सिटिंगमध्ये तमुक शेड उजळ. आणि त्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ: ‘लॅबमध्ये सिद्ध झालेलं मास्टर अँटिऑक्सिडंट’.

माझं भांडण या शेवटच्या ओळीशी आहे. कारण एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला असताना मी महिनोन्‌महिने ग्लुटाथायोनच मोजत बसले होते. लॅबमध्ये त्याचं काय सिद्ध झालंय आणि काय नाही, हे सरळ मराठीत सांगते. मग ज्याचं त्याने ठरवावं.

ग्लुटाथायोन हे काही परदेशातून आलेलं अमृत नाही. ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी. तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत ती रोज तयार होते, यकृतात तर भरपूर. 1921 साली केंब्रिजच्या फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांनी तिला हे नाव दिलं. म्हणजे शंभर वर्षांहून जुना विषय. नवा शोध वगैरे काही नाही.

लॅबमध्ये त्याचा उपयोग मुख्यतः तीन प्रकारे होतो.

एक, थर्मामीटर म्हणून. पेशी ताणात आहे का, हे बघायला साधं ग्लुटाथायोन किती आणि ऑक्सिडीकरण झालेलं किती, याचं गुणोत्तर काढतात. एल्मन यांचं रसायन घातलं की नमुना पिवळा होतो, त्याचा रंग 412 नॅनोमीटरवर मोजायचा. ताप थर्मामीटरने कळतो, म्हणून कुणी थर्मामीटर उगाळून पीत नाही.

दोन, गळ म्हणून. हवं असलेलं प्रथिन वेगळं काढायचं तर त्याला जीएसटी नावाच्या एन्झाइमचं शेपूट जोडतात. ग्लुटाथायोन लावलेल्या बारीक मण्यांना ते चिकटतं, बाकीचं धुऊन जातं. 1988 पासून जगभरच्या लॅबमध्ये ही पद्धत चालते. त्याचा तुमच्या गालाशी काडीचा संबंध नाही.

तीन, विषबाधा समजून घेण्यासाठी. आणि इथेच खरी गंमत आहे. पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर पोटात गेलं की यकृतातलं ग्लुटाथायोन संपतं आणि यकृताच्या पेशी मरतात, हे 1970 च्या दशकात प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळलं. मग अशा रुग्णाला उतारा म्हणून काय देतात? ग्लुटाथायोन? नाही. एन-ॲसिटिलसिस्टीन देतात. कारण बाहेरून दिलेलं ग्लुटाथायोन सहजासहजी पेशीच्या आत शिरत नाही. कच्चा माल पुरवला की पेशी आपलं आपण बनवते. जिथे माणसाचा जीव टांगणीला असतो तिथे डॉक्टर ज्याची सलाईन लावत नाहीत, ती आपण लग्नाच्या फोटोसाठी लावून घेतोय!

मग हे ‘उजळतं’ कुठून आलं? डिशमध्ये वाढवलेल्या पेशींवर आणि वेगळ्या काढलेल्या टायरोसिनेज एन्झाइमवर ग्लुटाथायोन घातलं की गडद मेलॅनिन कमी बनतं, हे दिसलं आहे. खोटं नाही ते. पण डिशला यकृत नसतं, किडनी नसते, रक्ताभिसरण नसतं. तिथे घातलेला थेंब तिथेच राहतो. शरीरात शिरेतून दिलेलं ग्लुटाथायोन काही मिनिटांतच तोडलं जायला लागतं. डिशपासून माणसापर्यंतचा रस्ता चाचण्यांचा असतो, आणि जाहिरातवाले नेमका तोच गाळून थेट शिरेपाशी पोचतात.

चाचणी झालीच नाही असंही नाही. पाकिस्तानात 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत स्त्रियांना हीच इंजेक्शनं दिली. फरक थोड्या जणींना पडला, तोही टिकला नाही. उलट बऱ्याच जणींच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या आणि एकीला ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे ॲलर्जीचा जीवघेणा झटका आला. फिलिपाइन्समध्ये हे फॅड आपल्या आधी पसरलं. तिथल्या औषध प्रशासनाने 2011 मध्येच गोरं होण्यासाठीच्या या इंजेक्शनांविरुद्ध इशारा दिला. अमेरिकेत 2019 मध्ये पूरक आहाराच्या दर्जाची पावडर वापरून इंजेक्शनं बनवली गेली. त्यात एंडोटॉक्सिन निघालं आणि सात जणांना उलट्या, थंडी, धाप असे त्रास झाले.

आणि ‘अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे चांगलंच’ असंही लॅब म्हणत नाही. कॅन्सरच्या पेशीसुद्धा याच ग्लुटाथायोनच्या जोरावर केमोला दाद देत नाहीत, म्हणून ते कमी कसं करता येईल यावरही संशोधन झालंय. रेणू चांगला नसतो की वाईट नसतो. कुठे, किती आणि कशासाठी, हाच प्रश्न असतो.

कुणी म्हणेल, ‘ताई, ती स्वतःच्या पैशाने घेते, तुमच्या पोटात का दुखतं?’ स्वतःच्या? बघायला येणारे ‘मुलगी जरा सावळी आहे’ म्हणतात, आणि मग बाप पतसंस्थेचं कर्ज काढतो. याला मी स्वेच्छा म्हणत नाही. 2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. तेव्हापासून ‘गोरेपणा’ हा शब्द पाटीवरून उतरला आणि ‘ग्लो’ बनून सलाईनच्या बाटलीत जाऊन बसला.

त्याच 2020 मध्ये केंद्राने आक्षेपार्ह जाहिरातींच्या 1954 च्या कायद्यात बदलाचा मसुदा काढला होता. गोरं करण्याचा दावा करणाऱ्या उत्पादनांच्या जाहिरातीला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड असं त्यात होतं. त्या मसुद्याचं पुढे काय झालं, हे मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा.

मिरज दवाखान्यांचं गाव आहे. सलाईन कुणी लावायची, कुठे लावायची, हे इथल्या लोकांना मी शिकवायला नको. तरी घरात कुणी ड्रिप घ्यायला निघालं असेल तर त्यांना एवढं विचारायला सांगा: बाटलीवरचं लेबल दाखवा. हे औषध कशासाठी मंजूर आहे? सुई लावणारा नोंदणीकृत डॉक्टर आहे का? झटका आला तर ॲड्रेनॅलिन इथे ठेवलंय का? पक्कं बिल मिळेल का? एकाही प्रश्नावर समोरचा चाचरला तर पर्स उचला आणि बाहेर पडा. जाहिरातीचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही.

ड्रिप विकणाऱ्यांनी कमेंटमध्ये जरूर यावं. येताना ‘लॅब प्रूव्हन’ म्हणजे कुठली लॅब आणि कशावर प्रूव्हन, तेवढं घेऊन या.