माशाची ॲलर्जी, की बर्फाची कंजुषी?

नोकरीसाठी केप टाउनला असलेल्या माझ्या एका जुन्या पेशंटचा मध्यंतरी फोन आला. मित्राकडे निखाऱ्यावर भाजलेला स्नूक मासा खाल्ला आणि अर्ध्या तासात चेहरा लालबुंद, डोकं ठणकतंय, छातीत धडधड, अंगावर पित्त उठल्यासारख्या गांधी. तिथल्या दवाखान्यात उपचार झाले आणि संध्याकाळपर्यंत बरं वाटलं. पण कागदावर शेरा आला: 'माशाची ॲलर्जी'.

"डॉक्टर, आता मासे कायमचे बंद का?"

मी विचारलं, "आणखी कोणाला त्रास झाला?"

"हो, तिघांना."

एकाच पंगतीतल्या चौघांना एकाच वेळी एकाच माशाची ॲलर्जी सहसा होत नाही. माझ्या मते ही हिस्टामिनची विषबाधा होती.

स्नूक हा दक्षिणेकडच्या थंड समुद्रातला लांबट, चंदेरी, तीक्ष्ण दातांचा मासा. दक्षिण आफ्रिकेपासून न्यूझीलंड आणि चिलीपर्यंत तो मिळतो. केपचे कोळी तो गळाने पकडतात, रस्त्याच्या कडेला उघड्या गाडीतूनही विकतात. लोक त्याला जर्दाळूचा जॅम लावून आवडीने भाजतात. मासा पौष्टिकच आहे. गडबड होते ती पकडल्यानंतर.

नेमकं काय होतं?

अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन बनवतात. ॲलर्जीत आपलं शरीर जे हिस्टामिन सोडतं तेच इथे माशातून आयतं पोटात जातं, म्हणून लक्षणं अगदी सारखी दिसतात. मुख्य म्हणजे एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून किंवा गोठवून जात नाही. वास आणि रंगावरूनही ते नेहमी कळत नाही. कधीकधी तोंडात मिरी खाल्ल्यासारखं चुरचुरतं, तेवढीच खूण.

हे फक्त केपपुरतं नाही. आपला बांगडा, सुरमई आणि कुपा यांच्यातही हेच घडू शकतं.

शेरा एवढा महत्त्वाचा का?

एका प्रसंगावरून माणसाला आयुष्यभर 'ॲलर्जीवाला' ठरवणं मला पटत नाही. तो चांगलं अन्न सोडतो आणि बर्फात कसूर करणारा मोकळा सुटतो. हाच मासा आधी अनेकदा पचला असेल, सोबतच्यांनाही त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. शंका असेल तर ॲलर्जीची त्वचेवरची किंवा रक्ताची तपासणी करता येते. निदान पक्कं होईपर्यंत तो मासा खाऊ नका. खरी माशाची ॲलर्जीही असते आणि ती जीवघेणी ठरू शकते.

हे लक्षात ठेवा

- श्वास अडकणं, घसा किंवा जीभ सुजणं, चक्कर येऊन पडणं, यांपैकी काहीही झालं तर विषबाधा की ॲलर्जी याचा विचार करत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.
- क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांना हा त्रास जास्त तीव्र होऊ शकतो, कारण या औषधामुळे शरीरात हिस्टामिनचं विघटन मंदावतं. गोळी मनाने बंद करू नका, पण मासा ताजाच घ्या.
- बर्फात पुरलेला मासा घ्या. उन्हातल्या पाटीवरचा स्वस्त मिळाला तरी नको.
- घरी आल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा. हळद-मीठ लावून तासन्‌तास ओट्यावर ठेवू नका.

मासे घेताना आपण भावावरून पाच मिनिटं घासाघीस करतो. पुढच्या वेळी त्यातलं एक मिनिट "बर्फात कधीपासून आहे?" हे विचारायला द्या. माझ्या पेशंटने तपासणी करून घेतली, ॲलर्जी निघाली नाही. आता तो पुन्हा स्नूक खातो, पण बर्फ बघून.