डिचोली-पेडण्याबद्दल जगाला कोण सांगणार? आमोण्यातून तातडीचे आवाहन

डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील बंधुभगिनींनो,

आपल्या डिचोलीत १६४०-४१ साली पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात एक अघोषित युद्ध झाले, असे इंग्रजी विकिपीडिया साडेपाच वर्षे जगाला सांगत होता. जुलै २००७ मध्ये कोणीतरी टोपणनावाने ही नोंद लिहिली. सुमारे साडेचार हजार शब्दांची ती नोंद होती. युद्धाची कारणे, मोहिमा, शेवटी झालेला तह, तळाशी ग्रंथांची नावे, सगळे जागच्या जागी. सप्टेंबरात तिथल्या परीक्षकांनी तिला ‘चांगला लेख’ हा दर्जा दिला, जो त्या विश्वकोशातल्या शंभरात एका लेखालाही मिळत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये एका चौकस सदस्याने तळटीपांतली पुस्तके शोधायला घेतली आणि त्याच्या लक्षात आले की त्यांतली प्रमुख पुस्तके कधी छापलीच गेली नव्हती. युद्धही झाले नव्हते. नोंद पुसली गेली आणि पुढच्या महिन्यात जगभर तिच्या बातम्या झाल्या.

१६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. साम्राज्य सोडाच, स्वराज्याचाही अजून पत्ता नव्हता. डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती आणि पोर्तुगिजांच्या हाती ती कायमची गेली अठराव्या शतकाच्या अखेरीस, नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेल्या मुलखात. हे सांगायला मोठा इतिहासकार लागत नाही. साखळीच्या किंवा मयेच्या शाळेतल्या कोणत्याही शिक्षकाने पहिल्याच वाक्याला हरकत घेतली असती. पण ज्यांनी दर्जा दिला त्यांनी डिचोली नकाशावर पाहिली असेल तेवढीच. त्यांनी भाषा तपासली, मांडणी तपासली, तळटीपा आहेत की नाहीत ते तपासले. ज्याला खरे ठाऊक होते तो माणूस इथे होता आणि तपासणी दुसरीकडे चालली होती.

याहून मोठे दुःख वेगळे आहे. ज्या विषयावर ती खोटी नोंद होती त्याच विषयावर खरा, भक्कम ग्रंथ मराठीत चाळीस वर्षे आधीच छापलेला होता. सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पणजीच्या पुराभिलेखागारात आयुष्य घालवले, पोर्तुगिजांची दफ्तरे वाचली, आणि त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार केला, त्याचा शिलालेख देवळात आजही आहे. संभाजी महाराजांनी नोव्हेंबर १६८३ मध्ये मांडवीतले जुवे बेट घेतले, त्याचे कागद आहेत. खऱ्या लढाया, खरे तह, खरी माणसे, सगळे आपल्याकडे होते. ते कपाटात राहिले आणि बनावट पुस्तकांची यादी जगापुढे गेली.

हे मी आज का उगाळतो आहे? कारण जी चूक विकिपीडियाच्या परीक्षकांकडून झाली तीच सर्च इंजिनांकडून रोज होऊ शकते, आणि आता पूर्वीपेक्षा वेगाने.

सर्च इंजिनाला खरे-खोटे कळत नाही, त्याला खुणा कळतात. १९९८ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी जी पद्धत मांडली, तिच्यावर गूगल उभे राहिले. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा दिला की ते त्या पानाला पडलेले मत. ज्याला स्वतःलाच भरपूर मते आहेत त्याचे मत अधिक जड. गावात एखाद्याची पत चार भल्या माणसांच्या शब्दावर ठरते, तसाच हा हिशेब. पुढे लोकांनी मते विकत घ्यायला सुरुवात केली, पोकळ मजकुराची हजारो पाने उभी केली. मग गूगलने २०११ मध्ये पोकळ पानांना मागे ढकलणारा ‘पांडा’ आणला, २०१२ मध्ये विकतच्या दुव्यांना शिक्षा करणारा ‘पेंग्विन’ आणला. तेव्हापासून आजपर्यंत ही झटापट थांबलेली नाही.

यंत्राचे निकाल बरे आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी गूगलने जगभरात हजारो माणसे नेमली आहेत. त्यांच्यासाठी दीडशेहून अधिक पानांची एक मार्गदर्शिका आहे आणि नोव्हेंबर २०१५ पासून ती कोणालाही वाचता येते. शिक्षकांनी ती एकदा चाळावी असे मला मनापासून वाटते. पान कोणी लिहिले? का लिहिले? लिहिणाऱ्याला त्या विषयाची जाण आहे का? बाहेरचे लोक त्याच्याविषयी काय म्हणतात? चूक झाली तर जबाबदारी कोणाची, संपर्क कुठे करायचा? असे साधे प्रश्न तिच्यात आहेत. जाणकारी, अधिकार आणि विश्वासार्हता या तीन कसोट्या आधीपासून होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांत चौथी आली, स्वतःचा अनुभव. चारांत विश्वासार्हता सर्वांत महत्त्वाची, असे मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. आरोग्य, पैसा, सुरक्षितता यांच्याशी संबंधित पानांना या कसोट्या अधिक कडक लावल्या जातात. या परीक्षकांच्या गुणांनी एखादे पान थेट वर-खाली होत नाही. त्यांच्या शेऱ्यांवरून यंत्राची पद्धत सुधारली जाते.

मराठीला ही शिस्त नवी नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत उभ्या केलेल्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव आणि संदर्भ असतात. कोण बोलतो आहे आणि कशाच्या आधारावर, हे वाचकाला लगेच समजते. आज गूगलची मार्गदर्शिका जे प्रश्न विचारायला सांगते ते हेच आहेत.

मग अडचण कुठे आहे? अडचण निवडीची आहे. पाने पुष्कळ असतील तरच चांगले पान वर काढता येते. ‘मधुमेहाची लक्षणे’ असे शोधले तर निवडायला लाखो पाने आहेत. आमोण्याच्या बेताळाविषयी, लामगावच्या लेण्यांविषयी, पेडण्याच्या पुनवेविषयी शोधणाऱ्यासमोर यंत्र किती पाने ठेवू शकेल? जे हाताशी असेल तेच ते वर ठेवते, मग ते कोणीही लिहिलेले असो. मायक्रोसॉफ्टच्या मायकेल गोलेबिएव्स्की यांनी २०१८ मध्ये या स्थितीला ‘डेटा व्हॉइड’ असे नाव दिले, म्हणजे माहितीची पोकळी. पोकळी दिसली की कोणीतरी ती भरतोच. डिचोलीची भरली गेली ती लढाईने.

आता ती भरणारे अधिक आहेत. ज्यांनी हरवळ्याचा धबधबा पाहिला नाही, तेही ‘गोव्यात पाहण्यासारखी दहा ठिकाणे’ कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मिनिटात लिहून घेतात. असा घाऊक मजकूर आपल्या नियमांविरुद्ध आहे, असे गूगलने मार्च २०२४ मध्ये जाहीर केले. तरीही नियम आहे म्हणून पोकळी भरत नाही. त्यातच ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगलच्या निकालांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर येऊ लागले. पूर्वी निदान दहा पाने दिसत, चाळता येत, शंका घेता येत असे. आता त्यांच्याही वर एकच उत्तर, ठाम आवाजात. ज्या पानांवरून ते बनते त्यांत आपले पान नसेल, तर आपल्या गावाविषयी दुसराच कोणी बोलेल आणि ऐकणाऱ्याला ते कळणारही नाही. घाई म्हणतो ती यासाठी.

पेडणेकरांसाठी ही गोष्ट नुसत्या इतिहासाची नाही. मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले आणि तालुक्याच्या जमिनीवर बाहेरच्यांची नजर खिळली. जमिनीचा कायदा, कुळाचे हक्क, क्षेत्र कोणत्या वापराचे, हे समजून घेण्यासाठी आपली मुले आज मोबाइल उघडतात. समोर येणारे पान जमीन विकणाऱ्याचे आहे की सरकारी खात्याचे, हे आधी पाहा. कोणाच्याही पानावर भिस्त ठेवून सही करू नका. जमिनीचा एक-चौदाचा उतारा सरकारी नोंदीतूनच काढा आणि जाणत्या वकिलाला दाखवा. खाणपट्ट्यातल्या आम्हा लोकांनाही हेच लागू आहे. विहिरीचे पाणी, धूळ, छातीचे दुखणे याविषयी आधार म्हणून घ्यायचे ते डॉक्टरचे म्हणणे आणि चाचणीचा कागद. निकालात वर दिसले, एवढ्यावरून काही खरे ठरत नाही.

तर बंधुभगिनींनो, मागणे असे आहे.

देवस्थानांच्या महाजनांनो, तुमच्याकडे जत्रेच्या, जीर्णोद्धाराच्या, सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिका आहेत. या मातीतल्या जाणकारांनी त्यांत जे लिहिले ते इतरत्र कुठेही नाही. पण त्यांची पाने फोटो काढून ठेवली असतील, तर सर्च इंजिनाला तो मजकूर नीट वाचता येईलच असे नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फाइली तर यंत्राला निरर्थक अक्षरांचा ढीग वाटतात. त्या युनिकोडमध्ये आणा. छापखान्याकडे मूळ फाइल असेल तर आजच मागून घ्या, संगणक बदलला की ती गेलीच. मग लेखकाच्या नावासह, प्रकाशनाच्या वर्षासह तो मजकूर उघड्या पानावर ठेवा. व्हॉट्सअॅपच्या गटात फिरवलेली माहिती सर्च इंजिनाला दिसत नाही, आणि आठ दिवसांनी गटातल्यांनाही सापडत नाही.

ज्या शाळांनी, वाचनालयांनी, पंचायतींनी एकदा उत्साहाने संकेतस्थळ काढले, त्यांना कळकळीची विनंती. संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक शुल्क चुकवू नका. नाव सुटले की ते कोणीही विकत घेऊ शकतो, आणि त्या नावाला वर्षानुवर्षे मिळालेली पत नव्या मालकाला वापरता येते. पूर्वी प्राथमिक शाळेच्या असलेल्या संकेतस्थळावर जुगाराचा मजकूर, हे उदाहरण खुद्द गूगलने आपल्या नियमावलीत दिले आहे. मुलांच्या कवायतीचे फोटो जिथे होते तिथे जुगार आला, तर गावाने कोणाला जाब विचारायचा?

शिक्षकांनो, येत्या सुट्टीत मुलांना एक काम द्या. आपल्या गावाविषयीचे एक पान शोधायचे, त्यातले प्रत्येक विधान खरे आहे का ते घरातल्या, शेजारच्या जाणत्या माणसांना विचारायचे, आणि आधार दिला असेल तर तो ग्रंथ पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात खरोखर आहे का ते पाहायचे. डिचोलीची खोटी लढाई याच पद्धतीने पकडली गेली. तळटीपांतली पुस्तके शोधणाऱ्या एका माणसाने ती पकडली.

आणि लिहू शकणाऱ्यांनो, लिहा. विकिपीडियावर नुसती आठवण चालत नाही, प्रसिद्ध झालेला विश्वासार्ह आधार लागतो. म्हणून आधी वृत्तपत्रात, मासिकात, स्मरणिकेत लिहा, आणि मग मराठी विकिपीडियावर त्याचा आधार देऊन नोंद करा. स्वतःच्या पानावर आपले खरे नाव घाला, आपण कोण, गावाशी नाते काय, ते दोन ओळींत सांगा. स्वतः पाहिलेले काय आणि ऐकलेले काय, हे वेगळे ठेवा. तारीख घाला, फोटो स्वतः काढलेला घाला. गावाचे नाव देवनागरीत लिहा, शिवाय रोमी लिपीत ते ज्या ज्या प्रकारे लिहिले जाते त्या सर्व प्रकारांनी एकदा तरी द्या. नाही तर आमोणे एकच असून शोधणाऱ्याला ती तीन गावे वाटतील. एकमेकांच्या चांगल्या पानांचे दुवे द्या. मयेच्या पानावरून नार्व्याचा, नार्व्याच्या पानावरून आमोण्याचा. ही मते खरी असतील आणि विकत घ्यावी लागणार नाहीत.

गावाची फुशारकी मात्र लिहू नका. अमका राजा इथे आला होता, तमके देऊळ दोन हजार वर्षांचे आहे, असे आधाराशिवाय लिहिणारा आपला माणूस आणि ती लढाई रचणारा परका माणूस यांच्यात वाचकाच्या दृष्टीने काहीच फरक नाही. दंतकथा असेल तर दंतकथा म्हणूनच सांगा. तिची गोडी त्याने कमी होत नाही.

आज रात्री आपल्या गावाचे नाव शोधून पाहा. चूक दिसली तर पान चालवणाऱ्याला पुराव्यासह कळवा, आणि पान विकिपीडियावर असेल तर आधार जोडून स्वतः दुरुस्त करा. काहीच सापडले नाही, तर पहिले पान तुम्ही लिहा, या महिन्यातच, स्वतःच्या नावाने.