श्रवणयंत्र, हेडफोन आणि न उमगलेली सूचना

पिंपरी : चाकण येथे 2009 मध्ये मर्सिडीज-बेंझ व फोक्सवॅगन यांचे कारखाने उभे राहिले. कामानिमित्त जर्मनीला जाणे या औद्योगिक पट्ट्यात तेव्हापासून फारसे अप्रूपाचे राहिलेले नाही. प्रेस शॉपच्या दणदणाटात उमेदीची वर्षे काढलेल्या एखाद्या पर्यवेक्षकाला श्रवणयंत्र लागत असेल, तर मुंबईपासूनच्या सुमारे नऊ तासांच्या उड्डाणात त्याची खरी पंचाईत होते. आसनासमोरील पडद्याचा हेडफोन लावावा, तर यंत्र शिट्टी वाजवते. तक्रार चित्रपटापुरती असती तर सोडून देता आली असती. पण वैमानिकाची सूचनाही त्याच हेडफोनमधून येते.

गोंगाटाने येणारे बहिरेपण प्रथम 4000 हर्ट्‌झच्या आसपास जाणवते. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने पुसट होतात. आवाज पोहोचतो, शब्द उमगत नाही. त्यात विमानाची घरघर साधारण 80 ते 85 डेसिबलची. मग यंत्र काढून, कानात इअरफोन खुपसून आवाज चढवला जातो. हा उपाय सर्वांत घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 90 डेसिबलचे श्रवण आठवड्यातून चार तासांपलीकडे जाऊ नये. (कारखान्यांच्या नियमांत हीच पातळी रोज आठ तास चालत आली आहे!)

त्यापेक्षा यंत्र कानातच ठेवून त्यावर मोठ्या वाटीचा हेडफोन लावणे श्रेयस्कर. कानामागील यंत्राचा मायक्रोफोन वाटीखाली यायला हवा; शिट्टी वाजल्यास वाटी किंचित सरकवावी. यंत्रात टेलिकॉइल असल्यास तीही उपयोगी पडते. मात्र विमानातील वीज 400 हर्ट्‌झची असल्याने गुणगुण ऐकू येण्याचा संभव असतो. ब्लूटूथ असलेली यंत्रे आसनाच्या पडद्याशी बहुधा थेट जोडली जात नाहीत, त्यासाठी हेडफोनच्या खाचेत बसणारा छोटा प्रक्षेपक लागतो. स्वतःच्या फोनवरून ऐकताना यंत्राचा मायक्रोफोन बंद ठेवू नये. आसनाच्या यंत्रणेत घोषणेच्या वेळी चित्रपट थांबतो, फोनवर तो थांबत नाही.

श्रवणयंत्र बंद करावे लागेल, ही भीती अनाठायी आहे. अमेरिकेच्या विमान नियमांत त्याला स्पष्ट सूट आहे. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2014 मध्ये ‘फ्लाइट मोड’मधील उपकरणांना मुभा दिली. सुटे लिथियम सेल मात्र हातातील सामानातच हवेत.

खरी उणीव अन्यत्र आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार संभाषणाच्या ध्वनिपट्ट्यात दोन्ही कानांची हानी किमान 60 डेसिबल असेल, तरच ती व्यक्ती श्रवणदोषाच्या व्याख्येत येते. गोंगाटाची हानी वरच्या स्वरांपासून सुरू होत असल्याने चाकण-भोसरीचा कामगार कित्येक वर्षे या व्याख्येबाहेरच राहू शकतो. कागदोपत्री तो धडधाकट. त्यामुळे तिकीट काढताना मदतीचा रकाना तो भरत नाही आणि विमानातील कर्मचाऱ्यांना त्याची अडचण कळत नाही. सुरक्षेच्या चित्रफितीला निदान मजकुराची जोड असते. वैमानिकाच्या ऐनवेळच्या घोषणेला ती बहुधा नसते.