न बोलावलेले पाहुणे

परवा गावी बाबांचा संगणक सुरू केला आणि चहा होईपर्यंत नुसता बघत बसलो. "म्हातारा झालाय तो, माझ्यासारखा," बाबा म्हणाले. नव्यासाठी पैसेही बाजूला काढून ठेवले होते त्यांनी!

टास्क मॅनेजरमधली 'स्टार्टअप'ची यादी उघडली. अकरा प्रोग्राम्स! बाबांच्या ओळखीचा त्यातला फक्त अँटिव्हायरस. तो ठेवला, बाकीचे दहा बंद केले. संगणक पुन्हा सुरू केला, तर चहा गाळायच्या आत तयार.

विंडोज ९५ मध्ये स्टार्टअपचं साधं फोल्डर होतं. शिवाय रजिस्ट्रीच्या मागच्या दारानेही प्रोग्राम्स शिरायचे. २०१२ च्या विंडोज ८ पासून ही यादी टास्क मॅनेजरमध्ये आली, हे चांगलंच झालं. पण मुळात हाकलायचं काम आपल्याकडे का? आधी विचारावं, मग घरात यावं. बाबांना कुणी विचारलंच नव्हतं.