नळ आला, पण विहिरीत पाणी टिकणार का?

मुरुड : जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं, गावोगाव नळ आले. पण मे महिन्यात विहीरच आटली तर नळ काय कामाचा?

कोकणात पाऊस धो-धो पडतो, तरी उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. कारण खालचा दगड. काळ्या कातळात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात राहतं, म्हणून साठा थोडाच. जांभ्यातून ते लवकर झिरपून जातं. किनाऱ्यालगत उपसा वाढला की खारं पाणी आत शिरतं, नारळ-सुपारीच्या वाड्यांना फटका बसतो.

पुण्याचे भूवैज्ञानिक डॉ. हिमांशू कुलकर्णी आधी पुणे विद्यापीठात शिकवायचे. १९९८ साली सहकाऱ्यांसह त्यांनी ॲक्वाडॅम संस्था काढली. दगड ओळखणं, विहिरीची पातळी मोजणं हे ज्ञान संस्थेने गावकऱ्यांपर्यंत नेलं. भूजल एकट्याचं नाही, सगळ्यांचं, हा त्यामागचा विचार.

मुरुडच्या ग्रामसभांनी हेच धरावं. बोअरचा ठराव करण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून जागा तपासून घ्यावी. विहिरींची पातळी दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. पाणी किती उरलंय ते दिसलं, तरच उपसा आवरता येईल.