मामा, रस्ता तुमच्या गाडीसाठी नाही!

परवा आईचा साताऱ्याहून फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "मोती चौकात जाणं सोडलंय मी आता." मी उडालेच. घरापासून जेमतेम दहा मिनिटं! गुडघे ठीक, दमही लागत नाही. मग झालं काय?

"अगं, चालायचं कुठून?"

चाळीस वर्षं ही बाई राजपथावरून भाजी आणि पेढे घेऊन चालत घरी येतेय. आता फुटपाथवर दुचाकी आणि दुकानांच्या पाट्या. खाली उतरावं तर मागून हॉर्न. पोवई नाक्यावर २०२१ साली गाड्यांसाठी जमिनीखालून ग्रेड सेपरेटर झाला. चांगलंच झालं. पण चालणाऱ्यांची पाळी कधी येणार?

हाच विषय दिवाळीत सांगलीला मामांकडे काढला आणि फराळाच्या ताटावर महाभारत झालं. मामांचं जुन्या पेठेत दुकान. त्यांचं म्हणणं, रस्ता नवा करायचा तर गाड्यांसाठी करा, गाडी दाराशी लागली नाही तर गिऱ्हाईक फिरकणार नाही.

मंडळी, दुसऱ्या दिवशी मी दुकानात बसून मोजलं. समोर तीन दुचाकी. एक मामांची, दोन कामावरच्या पोरांच्या. सकाळी लागल्या त्या रात्री निघाल्या. गिऱ्हाइकाला जागा होतीच कुठे? मामा, रागावू नका, पण गिऱ्हाइकाची वाट तुम्हीच अडवलीत!

जुन्या पेठेतला रस्ता रुंद होत नसतो. दोन्ही बाजूंना घरं आणि दुकानं आहेत. प्रश्न एवढाच, की आहे ती रुंदी कुणाला किती द्यायची? इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ साली लिहून ठेवलंय, की फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोरून जाऊ शकतील. आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही हेच, की रस्ता माणसांसाठी, वाहनांसाठी नव्हे. कागद आपल्याकडे उत्तम असतात. असो.

आणि आपण करतो काय? जुन्या डांबरावर नवं डांबर. रस्ता चढत जातो, दुकानाचे उंबरे खाली जातात. महापूर वेगळा, तो कृष्णेचा. पण वळवाच्या साध्या सरीतही पाणी दुकानात शिरतं त्याचं काय? आधी खरवडा, गटारं नीट करा, मग फरसबंदी करा. आणि फुटपाथवर गाडी चढू नये म्हणून खांब बसवा.

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा करतात. कौतुक आहे, पण वर्षातून एक दिवस म्हणजे बैलपोळाच की! कोपनहेगनमध्ये १९६२ साली स्ट्रॉयट हा जुना रस्ता चालणाऱ्यांना दिला, तेव्हा तिथले व्यापारीही मामांसारखेच चिडले होते. आज ती त्या शहराची मुख्य बाजारपेठ आहे.

मामांचे काही मुद्दे मला मान्य आहेत. मालाच्या गाड्या हव्यातच, त्या पहाटे येऊ देत. म्हाताऱ्यांसाठी दोन्ही टोकांना रिक्षा हव्यात. अग्निशमनाची गाडी आत शिरलीच पाहिजे. फेरीवाल्यांनाही आखून जागा द्या, २०१४ चा कायदा तेच सांगतो. सायकलीचं म्हणाल तर साताऱ्याच्या चढावर सगळ्यांना जमणार नाही, कबूल. पण सांगली तर तळहातासारखी सपाट! तिथे शाळेतली पोरं सायकलवर का नकोत?

२०२२ मध्ये देशात जवळजवळ ३३ हजार पादचारी रस्त्यावर मेले. त्या आकड्यात माझी आई नाही, कारण तिने बाहेर पडणंच सोडलं. असं घरात बसलेलं माणूस कुठल्याच आकड्यात मोजलं जात नाही.

मामा, हे वाचून तुमचा फोन येणार हे मला ठाऊक आहे. जरूर करा. फक्त त्याआधी एक दिवस गाडी घरी ठेवा आणि मामींना घेऊन दुकानापर्यंत चालत जा. मग भांडू.