अभिजात मराठी आणि "वय झालं आता"

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले, स्टेटस लावली, मीही लावलं. पण ज्यांच्या तोंडातून मराठी एकेका शब्दाने निसटतेय, त्यांच्यासाठी आपल्याकडे एकच वाक्य आहे: "वय झालं आता."

नाही हो, दर वेळी वय नसतं. प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया नावाचा आजार आहे. १९८२ साली अमेरिकेत डॉ. मार्सेल मेसुलम यांनी सहा रुग्णांवरून तो मांडला. मेंदूचा भाषा सांभाळणारा भाग, बहुतेकांत डावीकडचा, हळूहळू झिजत जातो. सुरुवातीला आठवण शाबूत असते, माणूस बाजारातून नीट घरी येतो, फक्त शब्द सापडत नाही. "ते... ते दे ना," इथंच गाडी अडते. काहींचा तर शब्दाचा अर्थच जातो. जन्मभर विळीवर भाजी चिरलेली बाई विचारते, "विळी म्हणजे काय?" आणि घरचे हसतात! ब्रूस विलिसने २०२२ मध्ये अफेजियामुळे काम थांबवलं तेव्हा हळहळलो आपण. शेजारचे काका मात्र 'सटकले'.

तपासणीची तऱ्हा आणखी वेगळी. चित्र दाखवून नाव विचारायची बोस्टनची प्रसिद्ध चाचणी आहे, तिच्यात इग्लू, बीव्हर, प्रेट्झेल. अहिराणी बोलणारी आजी यात नापास झाली, तर दोष मेंदूचा की चाचणीचा? आयसीएमआरने भारतीय भाषांत चाचणीसंच केला, काम चांगलंच. पण सुरुवातीच्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी नाही. दुकानाच्या पाटीवरून काचा फोडणारे तेव्हा कुठे होते?

हा आजार बरा होत नाही, मान्य. पण लवकर कळला तर शब्द आहेत तोवर बँकेचं, पेन्शनचं, मृत्युपत्राचं त्या माणसाला स्वतः ठरवता येतं. घरच्या माणसांची, वस्तूंची फोटोवही करता येते, पुढे बोट ठेवून तरी सांगता येतं. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाखाली अफेजिया नावानिशी आहे. म्हणजे प्रमाणपत्र मागणं हा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही.

२७ फेब्रुवारीला आमदारसाहेब मराठीवर भाषण ठोकायला येतील. फेटा बांधून झाला की विचारा: आपल्या जिल्हा रुग्णालयात स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून किती दिवस बसतो, आणि म्हाताऱ्या माणसाला तपासतो कोणत्या भाषेत?